वाईचा घाट: स्नानापासून सहलीपर्यंत

पुण्याहून निघालेली गाडी सुरूरला महामार्ग सोडून वाईच्या रस्त्याला लागते, तेव्हा आत बसलेल्या बहुतेकांच्या मनात महाबळेश्वर असते. वाई वाटेत लागते म्हणून उतरायचे, ढोल्या गणपतीचे दर्शन घ्यायचे, वेळ असेल तर मेणवलीचा घाट आणि धोमचे देऊळ पाहायचे आणि पसरणीचा घाट चढून वर जायचे, असा हा ठरलेला क्रम आहे. शनिवार-रविवारी गणपती घाटाच्या पायऱ्यांवर जी माणसे बसलेली दिसतात, त्यांतली बरीचशी अशी वाटेवरची असतात. त्यांना जे दाखवले जाते, त्यातले जवळजवळ काहीच मुळात पाहण्यासाठी बांधलेले नव्हते. पायऱ्या उतरायला होत्या, देवळे पूजेला, मेणवलीचा वाडा राहायला आणि धोमचे धरण शेतीच्या पाण्याला. वापरायच्या जागा पाहायच्या जागा कशा झाल्या, हे समजून घ्यायला आपल्याला कृष्णाकाठी बरेच मागे जावे लागेल.

वाईच्या परिसरात माणूस मुक्कामाला आला त्याची सर्वांत जुनी दगडी साक्ष गावात नाही, गावाबाहेर लोहारे गावाजवळच्या टेकडीत आहे. तिथे बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेली लेणी आहेत. लेणी कोरणारे जागा निवडताना नेहमी दोन गोष्टी पाहत: जवळून जाणारी वाट आणि भिक्षा घालू शकेल एवढी वस्ती. म्हणजे कृष्णेच्या या खोऱ्यातून माणसांची ये-जा तेव्हाही होती आणि आल्यागेल्याला पावसाळ्यात आसरा द्यावा ही सोयही होती. पुढे शतके उलटली, भिक्षू गेले, लेण्यात महादेव आला आणि लोक पालपेश्वर म्हणून तिथे दर्शनाला जाऊ लागले. जागा तीच राहावी, तिचा धनी बदलावा आणि येणाऱ्याचे कारण बदलावे, ही जी गोष्ट वाईत पुढे वारंवार घडणार आहे, तिचा पहिला दाखला आपल्याला इथे मिळतो.

त्यानंतर या भूगोलाला नावे दिली ती कथेने. वाई म्हणजे विराटनगरी, पांडवांनी अज्ञातवास इथे काढला, असे लोक सांगू लागले. समोरच्या डोंगरांपैकी एक पांडवगड झाला, दुसरा वैराटगड, नदीतल्या एका जागेला भीमकुंड म्हटले गेले. हे दोन्ही गड शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधले असे मानतात. कथेला मात्र त्या तारखेशी देणेघेणे नव्हते. महाभारताचा विराट इथला नव्हे, असे सांगून ही कथा झटकून टाकणे सोपे आहे, पण मला ते कोतेपणाचे वाटते. परक्या मुलखातून आलेल्या माणसाला डोंगर, नदी आणि कुंड एका सूत्रात ओवून दाखवणारी ही पहिली मांडणी होती. आज वाटाडे हे काम करतात, त्या काळी ते कथेकरी करीत.

या कथेच्या जोडीला माहात्म्य होते. महाबळेश्वरच्या पठारावर गोमुखातून निघालेली कृष्णा तेराशे मीटरहून अधिक उंचीवरून झपाट्याने उतरते आणि वाईला पोचेपर्यंत सुमारे सातशे मीटरवर येऊन शांत होते. चौदाशे किलोमीटरच्या प्रवासात तिला भेटणारे पहिले मोठे गाव हेच. डोंगरातला उतार संपून पात्र पसरते आणि पाण्यात निर्धास्त पाय टाकता येतो, अशी ही जागा आहे, म्हणून तीर्थ इथे ठरावे हे स्वाभाविकच होते. दर बारा वर्षांनी गुरू कन्या राशीत आला की कन्यागत लागते आणि त्या वर्षात गंगा कृष्णेच्या भेटीला येते, अशी श्रद्धा आहे. काशीला जाणे ज्यांना झेपणारे नव्हते, त्या दख्खनच्या माणसांसाठी वाई दक्षिण काशी झाली. पायी चालत यायचे, नदीत बुडी मारायची, पिंडदान करायचे, दोन दिवस ओवरीत राहायचे आणि गावी परतायचे. वाईला जाणे याचा अर्थ कित्येक शतके एवढाच होता. इथे कोणी काही बघायला येत नव्हते, येत होते ते पाण्यात उतरायला.

सतराव्या शतकात मात्र वाई इतिहासाच्या ऐन वाटेवर आली. विजापूरकरांच्या वतीने अफझलखानाकडे वाईची सुभेदारी होती आणि 1659 मध्ये शिवाजी महाराजांवर चालून आलेल्या खानाने तळ दिला तोही वाईतच. इथून तो जावळीच्या खोऱ्यात उतरला आणि 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी मारला गेला. वाईत पिढ्यान्‌पिढ्या अशी परंपरा सांगतात, की खान गावात असताना शेंडे शास्त्री नावाच्या ब्राह्मणाने कृष्णामाईला नवस केला आणि संकट टळल्यावर तो उत्सव करून फेडला. तोच कृष्णाबाईचा उत्सव. माघात तो सुरू होतो आणि मग आळीआळीने पुढे सरकत चैत्रापर्यंत चालतो. भीमकुंड आळी, मधली आळी, धर्मपुरी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, गंगापुरी या प्रत्येकीचा घाट वेगळा आणि उत्सवाचे दिवसही वेगळे. पाळी येईल त्या घाटावर मांडव पडतो, कृष्णाबाईची मूर्ती बसते, कीर्तन होते, पंक्ती उठतात. या उत्सवामुळे एक महत्त्वाची गोष्ट घडली. नदीचा काठ सबंध गावाचा असला तरी घाट मात्र त्या त्या आळीचा झाला, त्याची झाडलोट आणि डागडुजी ही तिच्या मानाची बाब ठरली. वाईचे घाट अजून उभे आहेत यामागे सरदारांच्या पैशाइतकीच ही वाटणी आहे, असे मला वाटते.

त्या सरदारांकडे आता आपण वळू. अठराव्या शतकात वाईचे आजचे रूप ज्यांनी घडवले ते रास्ते घराणे मूळचे सावकार. भिकाजी नाईक रास्त्यांची मुलगी गोपिकाबाई 1730 मध्ये बाळाजी बाजीराव, म्हणजे पुढचे नानासाहेब पेशवे, यांना दिली गेली आणि या घराण्याचे नशीब पालटले. विश्वासराव, माधवराव आणि नारायणराव ही तिचीच मुले. भाऊबंदांना सरदारक्या मिळाल्या आणि त्या मिळकतीचा मोठा वाटा कृष्णेच्या काठी दगड होऊन बसला. आनंदराव भिकाजींनी 1757 मध्ये काशीविश्वेश्वराचे देऊळ बांधले, ज्याच्या समोरचा काळ्या दगडाचा घोटीव नंदी अजून बघत राहावा असा आहे. 1762 मध्ये गणपतराव भिकाजींनी गणपतीचे देऊळ उभे केले. मग 1774 मध्ये विष्णूचे आणि 1778 मध्ये महालक्ष्मीचे, ही दोन्ही पुन्हा आनंदरावांची. यातले 1762 हे साल क्षणभर थांबून पाहण्यासारखे आहे. पानिपत होऊन जेमतेम वर्ष उलटले होते. रास्त्यांचा भाचा विश्वासराव तिथे पडला होता, नानासाहेब खचून वारले होते, मराठी मुलखात घराघरात सुतक होते. अशा वेळी हे घराणे नदीच्या ऐन पात्राशी एवढे मोठे देऊळ उभारीत होते. त्यामागे नेमकी भावना कोणती होती हे शिलालेख सांगत नाही, पण ही दोन साले शेजारी ठेवली की त्या शिखराकडे पाहायची नजर बदलते.

या देवळाच्या मागच्या भिंतीपाशी जरूर जावे. दर्शनाला आलेली माणसे सहसा पुढूनच परततात. एकाच दगडातली, सुमारे सहा फूट उंच आणि उंचीहून रुंद अशी ती प्रचंड मूर्ती पाहून मन भरते आणि मागे जायचे राहून जाते. पण स्थपतीची खरी करामत मागे आहे. नदीचा प्रवाह जिकडून येतो त्या अंगाला भिंत सपाट न ठेवता मासळीच्या तोंडासारखी निमुळती केली आहे. महापुराचे पाणी आले की या टोकावर फाटते, दोन बाजूंनी वळून निघून जाते आणि गाभाऱ्यावर थेट मारा होत नाही. धरण नव्हते, पर्जन्यमापक नव्हते, तेव्हा कृष्णेचा पूर कुठवर चढतो आणि कोणत्या जोराने येतो हे पिढ्यांच्या अनुभवाने माहीत असलेल्या माणसानेच हे टोक काढले असणार. अडीचशेहून अधिक पावसाळे ही भिंत पुरात उभी राहिली आहे. तिच्या दगडावर हात ठेवून वरच्या अंगाला पाहिले, की देऊळ नदीशी किती विचाराने जुळवून घेत बसवले आहे हे ध्यानात येते. माझ्या मते वाईत पाहण्याजोगे जे काही आहे त्यात पहिला मान या भिंतीचा.

वाईपासून दोन-तीन किलोमीटरवर, नदीच्या वरच्या अंगाला मेणवली आहे. हा गाव 1768 मध्ये नाना फडणिसांना इनाम मिळाला. पानिपतातून जिवानिशी परतलेला हा कोवळा कारकून पुढे पेशवाईचा कारभारी झाला आणि पुण्याच्या राजकारणापासून चार दिवस दूर राहता यावे म्हणून त्याने इथे चौकांमागून चौक असलेला वाडा, वाड्याच्या मागे चंद्रकोरीसारखा वळलेला घाट आणि घाटावर मेणेश्वर व विष्णू यांची देवळे बांधली. घाट वाड्याला जोडलेला असल्याने तो खासगीही होता आणि गावाचाही. नानांचे कागद या वाड्यात राहिले आणि मेणवली दप्तर या नावाने अभ्यासकांना कायमची शिदोरी मिळाली. आज इथे येणारा माणूस मात्र आधी जातो तो घंटेकडे. देवळाजवळच्या छोट्या दगडी मंडपीत टांगलेली ही पंचधातूची घंटा जवळून पाहिली, तर तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि 1707 हे साल उठावात दिसते. चिमाजी आप्पांनी 1739 च्या मे महिन्यात पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या विजयाच्या लुटीत तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या आणि हत्ती-उंटांवरून देशावर पोचल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली 1721 ची घंटा आणि भीमाशंकरची घंटा याच घराण्यातल्या. पोर्तुगालच्या धर्मासाठी ओतलेली घंटा पेशव्यांच्या विजयाची खूण झाली, मग महादेवाच्या सेवेत रुजू झाली आणि आता सहलीला आलेल्या मुलांच्या कुतूहलाची वस्तू झाली आहे. चार मुक्काम झाले तरी तिच्यावरची आई आणि लेकरू कोणी खरवडून काढले नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

इथवरच्या वाटेत पाहणारा असा कोणी आपल्याला भेटलेला नाही. तो आला 1818 नंतर. पेशवाई गेली, साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराज कंपनीच्या देखरेखीखाली बसले आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची नजर थंड हवेच्या शोधात सह्याद्रीच्या माथ्यावर गेली. 1824 मध्ये लॉडविक नावाचा इंग्रज अधिकारी महाबळेश्वरच्या पठारावर चढला. 1828 मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने ती जागा महाराजांकडून अदलाबदलीने घेतली आणि तिथे माल्कम पेठ वसू लागली. मुंबई-पुण्याकडून वर जाणारी वाट वाईवरून होती, म्हणून वाई एकाएकी उंबरठा बनली. उन्हाळ्याच्या तोंडाशी पालख्या, घोडी आणि सामानाचे बैल इथे मुक्काम करू लागले. रास्त्यांचे मोतीबाग, कारंजी आणि भिंतीवरच्या चित्रांनी सजवलेले, सरदारी विसाव्याचे ठिकाण होते, तिथेही आता परके पाहुणे डोकावू लागले.

या पाहुण्यांमधली एक बाई आपल्या मागोव्यात फार महत्त्वाची आहे. 1848 ते 1853 या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड फॉकलंडची पत्नी अमेलिया ही इंग्लंडचा राजा चौथा विल्यम याची मुलगी. तिने आपल्या प्रवासाच्या नोंदी 1857 मध्ये ‘चाऊ-चाऊ’ या नावाने छापल्या आणि त्यांत वाईविषयी मनापासून लिहिले. डोंगरांच्या आकृती, झाडी, काठावरची देवळे, पाणी भरणाऱ्या बायका असे सगळे तिने एका चौकटीत पाहिले. घाटावर उभे राहून पाण्यात न उतरता, देवाला हात न जोडता, नुसत्या रूपाने तृप्त होणारी ही नजर वाईला नवी होती. आपल्या लोकांना नदीचे रूप दिसत नव्हते असे नाही. पण त्यासाठी म्हणून चार कोस येण्याची रीत नव्हती. पुढे 1885 मध्ये मुंबई सरकारच्या गॅझेटिअरचा सातारा खंड निघाला. त्यात वाईच्या देवळांची लांबी-रुंदी, बांधणाऱ्यांची नावे आणि साले अशी तपशीलवार नोंद झाली, आणि शोभेची भलामण करण्यासाठी फॉकलंडबाईचा हवालाही दिला गेला. माहात्म्यात पुण्य किती मिळते ते असे, गॅझेटिअरात शिखर किती फूट ते आले. आज मराठी-इंग्रजी प्रवासपुस्तिकांत वाईबद्दल जे छापतात त्याचा पाठीचा कणा अजूनही ते गॅझेटिअरच आहे, मात्र पुस्तिकेतून ते नाव गळून गेले आहे.

1880 नंतरच्या दशकात पुण्याहून दक्षिणेकडे रेल्वे झाली. वाठार स्टेशनावर उतरायचे, टांगा करायचा, वाईत घोडी बदलायची आणि पसरणीच्या घाटाने पाचगणी गाठायची, असा नवा रिवाज पडला. वर पाचगणीत जॉन चेसन याच्या खटपटीने 1860 च्या दशकापासून वस्ती वाढत होती, पुढे तिथे शाळा आल्या. मग मोटार आली आणि तिने वाईचा मुक्कामच काढून घेतला. घोड्याला विसावा लागतो, इंजिनाला पाच मिनिटांत पाणी घालून पुढे निघता येते. वाई मुक्कामाच्या गावावरून थांब्याचे गाव झाली ती तेव्हाच. तोटा झाला तो धर्मशाळांचा आणि टांगेवाल्यांचा. गाव मात्र त्यामुळे थंड हवेच्या ठिकाणांच्या गर्दीतून सुटले आणि आपल्या चालीने चालत राहिले.

त्याच चालीचा एक परिणाम म्हणजे वाई विद्येचे गाव राहिली. नारायणशास्त्री मराठे यांच्या प्राज्ञपाठशाळेत वेदान्त शिकायला 1917 मध्ये एक तरुण आला. साबरमतीच्या आश्रमातून वर्षाची रजा घेऊन आलेला हा विद्यार्थी म्हणजे विनोबा भावे. वर्ष संपवून परतण्याआधी गांधीजींना लिहिलेल्या पत्रात त्यांनी अभ्यासाबरोबर केलेल्या पायी प्रवासाचाही हिशेब दिला: सुमारे चारशे मैल चालून त्यांनी महाराष्ट्रातले चार-पाच प्रसिद्ध किल्ले पाहिले होते. आज कमळगड, पांडवगड, केंजळगड चढायला पाठीवर पिशवी टाकून येणाऱ्या तरुणांना आपला हा पूर्वज माहीत नसावा. देवासाठी नव्हे आणि हवेसाठीही नव्हे, तर इतिहास पायांखालून जावा म्हणून गड चढणे, ही मराठी गिर्यारोहणाची जी मूळ प्रेरणा, तिचा हा एक फार लवकरचा आणि फार निर्मळ नमुना आहे. पाठशाळेच्याच परंपरेतले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी पुढे मराठी विश्वकोशाचे काम वाईत आणले, आणि 1976 मध्ये त्याचा पहिला खंड इथून निघाला. घाटावर संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांत एके काळी कोशाच्या नोंदी लिहिणारी विद्वान मंडळी असत. सहलीच्या पुस्तिकेत विश्वकोशाच्या इमारतीला जागा नसते, ती असायला हवी.

विश्वकोशाचा पहिला खंड निघाला त्याच सुमारास वाईच्या वरच्या अंगाला धोमचे धरणही पुरे झाले. साडेतेरा टीएमसी पाणी अडवणाऱ्या या मातीच्या भिंतीने नदीचा स्वभाव बदलला. जिच्या पुरासाठी गणपतीच्या देवळाला टोक काढले होते, ती कृष्णा आता बरीचशी धरणाच्या दरवाजांच्या हुकमावर वाहते. घाटावरचे पाणी केव्हा वाढेल हे केवळ आभाळाकडे पाहून सांगता येत नाही. खाली धोम गावात पेशवेकालीन नृसिंह आणि महादेवाची देवळे आहेत, आणि महादेवापुढे कमळाच्या आकाराच्या कुंडात कासवाच्या पाठीवर नंदी बसवला आहे. कुंड भरले की कासव नंदीला घेऊन तरंगते आहे असे वाटते. ही देवळे आणि मागचा विस्तीर्ण जलाशय मिळून एक नवीच जागा तयार झाली. शेतीसाठी साठवलेल्या पाण्यावर नौका आल्या, काठावर तंबू आले, आणि जलाशयामागचा कमळगड आरशात पाहिल्यासारखा पाण्यात दिसू लागला.

कमळगड हा या खोऱ्यातला माझ्या आवडीचा गड. नांदगण्याकडून चढायला लागले की दाट रानातून वाट जाते, माथ्यावर बुरूज-तटबंदी असे फारसे काही नाही. पण मध्येच जमिनीला एक फट आहे आणि तिच्यात खडकात खोदलेल्या पायऱ्या खाली उतरत जातात. हीच कावेची, म्हणजे गेरूची, विहीर. उतरताना दोन्ही बाजूंच्या भिंती तांबड्या होत जातात, हवा गार होते, बोट लावले की गेरूचा रंग बोटाला येतो. खाली पाणी नाही, ओलसर काव आहे. कोणी, केव्हा आणि कशासाठी एवढे खोल खोदले याचा उलगडा गडावर होत नाही. पूर्वी कोणीतरी केलेल्या या खोदकामात आता भर उन्हाळ्यात भटके गारवा घेत बसतात. इथे येणाऱ्यांनी एवढे मात्र करावे, की भिंतीच्या मऊ कावेवर नावे कोरू नयेत. तो दगड नाही, तिथे एक नाव कोरले की हातभर माती सुटते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस वाईकडे पाहणारा आणखी एक डोळा आला, तो कॅमेऱ्याचा. प्रकाश झा यांनी ‘मृत्युदंड’ (1997) आणि ‘गंगाजल’ (2003) या चित्रपटांसाठी वाईचा परिसर बिहार म्हणून वापरला. मुंबईपासून काही तासांवर जुने वाडे, घाट, शिखरे आणि उसाची शेते एकत्र मिळतात, आणि विजेचे खांब टाळून चित्र घेता येते, हे एकदा कळल्यावर रांग लागली. ‘ओंकारा’त हा मुलूख उत्तर प्रदेश झाला, ‘चेन्नई एक्सप्रेस’मध्ये तमिळ खेडे. वाई पडद्यावर कितीदा तरी आली, पण वाई म्हणून क्वचितच. आशुतोष गोवारीकरांचा ‘स्वदेस’ 17 डिसेंबर 2004 रोजी प्रदर्शित झाला आणि त्यातले मेणवलीत चित्रित झालेले चरणपूर हे गाव पाहून आलेली माणसे मेणवलीच्या घाटावर शाहरुख खान कुठे उभा होता ते विचारू लागली. विजयाची घंटा, फडणिसांचे दप्तर हे सारे मागे पडून एका कल्पित गावाचा पत्ता म्हणून मेणवली ओळखली जाऊ लागली. याचे वाईट वाटावे असे काही नाही. पांडवगडाचे नावही एका कथेतूनच पडले होते.

मात्र त्या चित्रपटानंतर सुमारे सव्वा महिन्याने, 25 जानेवारी 2005 रोजी, वाईच्या उत्तरेला मांढरदेवच्या डोंगरावर काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली. पौष पौर्णिमेचा दिवस, अरुंद चढाची वाट, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकाने, मग आग. तीनशेच्या घरात माणसे गेली, त्यांत बायका फार होत्या. हिंडण्याफिरण्याच्या मागोव्यात हा प्रसंग टाळता येत नाही, टाळूही नये. कारण एकाच तालुक्यात, एकाच हिवाळ्यात, जाण्याच्या दोन रीती समोरासमोर आल्या होत्या. एकीकडे चित्रपटातली जागा पाहायला मोटारीने येणारा हौशी शहरी माणूस, दुसरीकडे ट्रकमध्ये दाटीवाटीने बसून नवस फेडायला आलेली कष्टकरी माणसे. रस्ते, वाहनतळ, उपाहारगृहे असा सगळा विचार पहिल्याला समोर ठेवून होत होता, आणि संख्येने कितीतरी पटींनी मोठी असलेली दुसरी गर्दी शतकांपूर्वीच्या पायवाटेवर सोडून दिली होती. त्यानंतर न्यायमूर्ती कोचर यांच्या आयोगाने चौकशी केली, मांढरदेवला वाटा रुंद झाल्या, पशुहत्येला बंदी आली, रांगा आखल्या गेल्या. यात्रेकरूच्या जिवाची काळजी हे पर्यटनाचेच काम आहे, ही गोष्ट महाराष्ट्राच्या कारभाराला एवढी मोठी किंमत मोजून शिकावी लागली.

आज पाचगणीच्या हॅरिसन्स फॉलीवरून छत्री उघडून झेपावणारा माणूस पठाराच्या कडेवरून तरंगतो तेव्हा त्याला सगळा मुलूख एका नजरेत दिसतो: धोमचा जलाशय, कमळगड, मेणवलीचे वळण, दूर वाईची शिखरे. फॉकलंडबाईने जी चौकट डोळ्यांत धरली होती तीच आता शंभर पटींनी मोठी होऊन आभाळातून मिळते. 2012 मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाल्यावर कासचे पठार आणि त्याच्या वाटेवरची गावे यांच्याकडचा ओघ वाढला, 2017 मध्ये पाचगणीजवळ भिलार पुस्तकांचे गाव झाले, आणि वाईत जुन्या वाड्यांतून पाहुण्यांना राहायला खोल्या मिळू लागल्या. मोटारीने काढून घेतलेला मुक्काम गावाला थोडाथोडा परत मिळतो आहे. त्याच वेळी घाटावर धुणी धुतली जातात, दशक्रियेचे विधी चालतात, माघ आला की आळीत मांडव पडतो. वापर आणि पाहणे एकाच पायरीवर आले, की एकाने दुसऱ्याची आब राखावी लागते. दशक्रियेला बसलेल्या मुंडन केलेल्या मुलाच्या पाठीमागे उभे राहून छायाचित्र काढणारे मी पाहिले आहेत, आणि त्यांना शांतपणे बाजूला नेणारे वाईकरही.

नदीचे दुखणे यापेक्षा मोठे आहे. धरणामुळे उन्हाळ्यात प्रवाह मंदावतो, गावचे सांडपाणी पात्रात उतरते, जलपर्णी साठते, आणि ज्या पाण्यात उतरण्यासाठी हे सारे उभे राहिले त्यात पाऊल टाकायला माणूस कचरतो. 2016 च्या कन्यागताला गुरू ऑगस्टमध्ये कन्येत गेला, ऐन पावसाळा होता, पात्र भरलेले होते आणि भाविकांना स्नान घडले. पुढचे कन्यागत 2028 मध्ये आहे. तेव्हाही गुरू पावसाळ्यातच राशी बदलेल, पण पर्वणी वर्षभर चालते आणि घाटावर माणसे येत राहतात ती फाल्गुन-चैत्रातही. धरणातून पाणी केव्हा आणि किती सोडायचे, सांडपाण्याचे नाले घाटाच्या खालच्या अंगाला कसे वळवायचे, बायकांना ओले कपडे बदलायला आडोसा कुठे करायचा, गाड्या गावाबाहेर कुठे थांबवायच्या, हे त्या वर्षाच्या आदल्या उन्हाळ्यात ठरवून भागणारे नाही. या कामाला सात आळ्यांच्या उत्सव समित्यांना बरोबर घ्यावे, कारण पाणी कोणत्या पायरीवर आले की खालचा दगड शेवाळतो आणि माणूस घसरतो, हे प्रत्येक घाटापुरते त्यांनाच ठाऊक आहे.